चार खोकी, एक ओहम

ॲम्प्लिफायरचं झाकण निघालं आणि मिरचीनं आधी नाक दाबलं, मग शिवी दिली. एरवी क्रम उलटा असे. पण आजचा वास काही साधा नव्हता. करपलेलं प्लास्टिक, उंदराच्या लेंड्या आणि आठवडाभर बुटात राहिलेला मोजा, हे सगळं कुणीतरी एका भांड्यात आटवून आत ओतावं तसा तो वास होता.

“शी! शी, शी, शी!” खुर्ची मागे ढकलत ती म्हणाली. “हे मशीन आहे की मढं?”

टेबलापलीकडे स्केटिंग हॉलचा मॅनेजर उभा होता. तीन आठवड्यांपूर्वीच कामाला लागलेला, अजून बुटांना चकाकी असलेला माणूस. मशीन त्याच्या हॉलचं होतं आणि दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जळून आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मिरची म्हणाली, जुनं झालंय, होतं असं. दुसऱ्यांदा तिनं विजेच्या चढउताराला बोल लावला. दोन्ही वेळा मशीन इथेच टेबलावर दुरुस्त करून तिनं परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा बोल लावायला कुणी उरलं नव्हतं.

मिरची हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बाजारात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे, आणि तिचं बोलणं दोन मिनिटं ऐकल्यावर त्याचं कारण कुणी विचारतही नसे. दुकान तिच्या वडिलांचं, म्हणजे उस्तादांचं. पाटीवर त्यांचंच नाव. गेली अकरा वर्षं तारांना सोल्डरचा डाग द्यायला, जळके भाग उपसायला, काळे हात करून घ्यायला ही बसायची, आणि गिऱ्हाईक आत येऊन हिच्या डोक्यावरून मागे बघत विचारायचं, “उस्ताद नाहीत का?” या एका वाक्यानं तिचं डोकं जितकं फिरायचं तितकं जगातल्या कशानंच फिरत नसे.

उस्ताद होते. खिडकीपाशी स्टुलावर बसून जुन्या रेडिओची बटणं फडक्यानं पुसत होते. हल्ली ते एवढंच करत.

“तर ताई,” मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, “शनिवारी आमच्याकडे स्पर्धा आहे. बावीस टीम येतायत. आणि आमच्या मालकांनी लेखी मागितलंय. दोष दुरुस्तीत आहे की जोडणीत, एका ओळीत लिहून खाली सही.”

“आणि दुरुस्तीत निघाला तर?”

“तर मालकांच्या तीनही हॉलचं काम दुसऱ्या दुकानाला.” त्यानं उस्तादांकडे एक चोरटी नजर टाकली. “मालक म्हणाले, उस्तादांच्या हातून असं कधी झालं नसतं.”

झालं! नको तिथंच बोट ठेवलं. मिरचीनं पक्कड टेबलावर आपटली.

“इकडे या,” ती म्हणाली. “या, या. वास घ्या, तुमचाच आहे. हे बघा काय आहे ते.” तिनं चिमट्यानं काहीतरी उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. चुरगळलेला, काळा पडलेला चांदीचा कागद होता. “इथं फ्यूज असतो. हा च्युइंगमचा कागद आहे. कुणाच्या घाणेरड्या डोक्यातून निघालं हे?”

मॅनेजरचे कान लाल झाले. “फ्यूज सारखा उडत होता. म्हणून आमच्या माणसानं... तात्पुरतं.”

“तात्पुरतं! खोकला येतो म्हणून गळा दाबायचा तात्पुरता! अहो, फ्यूज उडत होता म्हणजे तो बिचारा ओरडून सांगत होता, मला झेपत नाहीये. त्याच्या तोंडात तुम्ही बोळा कोंबलात. वर उष्टा.” तिनं कागद कचऱ्यात टाकला आणि बोटं चिंधीला पुसली, मग ती चिंधीही टाकली. “पण फ्यूज मुळात का उडावा? किती सबवूफर चालतात याच्यावर, किती खोकी?”

“चार.”

“चारच. मीच जोडलेत दोन वर्षांपूर्वी. प्रत्येक चार ओहमचा. ओहम म्हणजे काय, माहितीये?”

मॅनेजरनं मान हलवली, ती हो की नाही ते त्यालाही ठाऊक नसावं.

“अडवणूक. स्पीकर मशीनला किती अडवतो, ती अडवणूक. टाकीला नळ लावतो तसं समजा. चार नळ शेजारी शेजारी लावले आणि चारही सोडले तर पाणी धो धो जाणार, अडवणूक कमी. नळ एकापुढे एक लावले तर पाणी अडखळत जाणार, अडवणूक जास्त. शेजारी शेजारी म्हणजे पॅरलल, एकापुढे एक म्हणजे सिरीज. या मशीनच्या पाठीवर स्वच्छ लिहिलंय, चार ओहमच्या खाली जाऊ नका. म्हणून मी काय केलं? दोन-दोन खोकी सिरीजमध्ये जोडली. आठ आणि आठ. मग त्या दोन जोड्या पॅरलल. बरोबर चार. मशीन सुखात.”

“मग जळतंय कसं?”

“तेच तर!” तिनं आतल्या काळ्या ठिक्कर पडलेल्या ट्रान्झिस्टरांच्या ओळीकडे बोट दाखवलं. “सगळे एकदम गेलेत. म्हणजे झेपणार नाही एवढा भार पडलाय. तिकडे कुणीतरी माझी जोडणी सोडून चारही पॅरलल केलेत. लाल लालला, काळा काळ्याला, झालं, हात झटकले. चाराचा चौथा भाग किती? एक. एक ओहम! चौघांचं ओझं एका हमालाच्या डोक्यावर आणि वर म्हणायचं, पळ!”

खिडकीपाशी बटणावरचं फडकं थांबलं होतं. मिरचीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला होता आणि सुटलेला पट्टा तिला आजवर कधी आवरता आला नव्हता.

“ज्यानं हे केलं ना, त्या गाढवाला लाल आणि काळा याच्यापलीकडे काही दिसत नसणार. मोजून बघितलं असतं तरी कळलं असतं! मीटर लावायला किती वेळ लागतो? पण नाही. असल्या लोकांमुळे आपल्या धंद्याला लोक थुंकतात. त्याचे हात मागे बांधून ठेवले पाहिजेत. परत म्हणून तारेला हात लावू देता कामा नये.”

“मालकही तेच म्हणाले,” मॅनेजर जरा धीर येऊन म्हणाला. “जोडणीत दोष निघाला तर ज्यानं जोडलं त्याचं नाव लिहा. त्याला आमच्या कुठल्याच हॉलची पायरी चढू देणार नाही.”

“लिहिते की! ठळक अक्षरात लिहिते.” ती पिशवीत हत्यारं भरू लागली. “चला, आत्ताच येते.”

“मीही येतो,” उस्ताद म्हणाले.

मिरचीनं वळून बघितलं. दोन महिन्यांत ते दुकानाच्या बाहेर कामाला गेले नव्हते. “तुम्ही कशाला, बाबा? तिथं जिना आहे, घाण आहे.”

“येतो,” ते पुन्हा म्हणाले आणि कपाटातून त्यांचा जुना काट्याचा मीटर काढून काखेत मारला. मिरचीनं मनात कपाळाला हात लावला. आता तिथंही सगळे म्हणणार, बघा, शेवटी उस्तादांनाच यावं लागलं.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि तिला आठवलं, आधीच्या दोन्ही वेळा आपण इथं का आलो नव्हतो ते. भाड्यानं देण्याचे स्केट दाराशीच फळ्यांवर लावलेले होते, तीनशे जोड, आणि त्या तीनशे जोडांत रोज दुसऱ्याचे पाय. घामाचा वास भिंतींत मुरलेला. वर त्याच्यावर फवारलेलं फुलांचं अत्तर, म्हणजे घाणीला नटवून बसवलेलं. कडेची फरशी सांडलेल्या सरबतानं अशी चिकट झाली होती की चप्पल दर पावलाला चर्र करून सुटत होती. चाकांत अडकून आलेले केसांचे गुंतवळे कोपऱ्यात लोटून ठेवले होते. मिरचीनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली, मग तोंडात काय जात असेल याचा विचार येऊन तोही बंद केला.

चार कोपऱ्यांत चार काळी खोकी होती. चारही खोक्यांच्या तारा जमिनीखालून येऊन गाणी लावायच्या लाकडी चौथऱ्याखाली एका डब्यात मिळत होत्या. चौथऱ्याखाली शिरायचं म्हणजे पोटावर सरपटायचं. उस्ताद बाहेर खुर्चीवर बसले, मीटर मांडीवर. मॅनेजर त्यांच्याशेजारी वही घेऊन उभा राहिला. मिरची बॅटरी दातात धरून आत शिरली.

आत तर काय, आनंदच होता. लाकडाला खालून चिकटवलेले च्युइंगमचे गोळे, एक लहान मुलाचा मोजा, मेलेली पाल. हाताला काहीतरी मऊ लागलं, ते काय ते तिनं बघितलं नाही. कोपरानं वाट काढत ती डब्यापाशी पोचली आणि झाकणाचे स्क्रू सोडले.

चार लाल तारा एका स्क्रूवर. चार काळ्या दुसऱ्यावर.

“सापडलं!” ती आतून ओरडली. बॅटरी तोंडातून पडली. “म्हटलं नव्हतं? चारही पॅरलल! गाढव सापडलं!”

बाहेर उस्तादांची खुर्ची करकरली.

तिनं बॅटरी उचलून उजेड जवळ नेला आणि मग तिला गाठी दिसल्या. प्रत्येक तार स्क्रूपर्यंत जायच्या आधी एक वळसा घेत होती आणि त्या वळशावर पिवळा दोरा गुंडाळलेला होता, मेणबत्तीवर घासलेला, सुती. तारेला ओढ बसली तर ती गाठीनं सोसावी, स्क्रूवर येऊ नये, म्हणून. आख्ख्या बाजारात असा दोरा एकच माणूस बांधत असे. मिरचीला हे त्यांनी ती नऊ वर्षांची असताना शिकवलं होतं, आणि दुकानात बसायला लागल्यावर तिनं ते सोडून प्लास्टिकच्या पट्ट्या वापरायला घेतल्या होत्या. दोऱ्याचे सात फेरे. सहा नाही, आठ नाही.

तिनं मोजले. एका तारेवर नऊ होते. एकीवर पाच. एका ठिकाणी दोरा तारेला सोडून नुसताच शेजारून गेला होता आणि पुढे हवेत गाठ मारली होती.

मग तिला सगळं एकेक करून आठवलं. दोन महिन्यांपूर्वी ती दोन दिवस आत्याकडे गेली होती. परत आली तेव्हा उस्ताद जेवताना म्हणाले होते, “स्केटिंगवाल्यांची दोन खोकी मुकी झाली होती. बोलकी करून आलो.” ती फोनमध्ये बघत ‘हं’ म्हणाली होती. सिरीजमध्ये एकाची तार निसटली की जोडीदारही गप्प होतो, तसंच झालं असणार. ते या चौथऱ्याखाली शिरले, या वयात, पोटावर, या घाणीत. सगळं सोडलं आणि नव्यानं बांधलं. त्यांच्या उमेदीच्या काळात स्पीकर सोळा ओहमचे असत. सोळाची चार खोकी पॅरलल केली की बरोबर चार. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. हातांना तेच ठाऊक होतं, आणि हातांनी तेच केलं.

आणि आपण? दोनदा मशीन जळून आलं, दोनदा आपण टेबलावरून उठलो नाही. का, तर मोज्यांचा वास येतो. मी जोडलंय म्हणजे तिथं काय बघायचंय! सकाळपासून आपण काय काय बोललो त्यातला एकेक शब्द तिच्या कानात परत वाजू लागला. गाढव. हात बांधून ठेवा. आणि ते खिडकीपाशी बसून ऐकत होते. पाल, मोजा, चिकट लाकूड, त्या चौथऱ्याखाली जे काही होतं त्या सगळ्यापेक्षा तिला आत्ता स्वतःच्या जिभेची किळस आली.

“ताई?” मॅनेजरनं वाकून विचारलं. “नाव कळेल का कुणाचं?”

ती सरपटत बाहेर आली. केसांना जाळं, गुडघ्यांना काळं. उस्तादांकडे तिनं बघितलं नाही.

“जोडणी बरोबर आहे,” ती म्हणाली.

“पण तुम्ही तर आत्ता ओरडलात, चारही...”

“अंधारात चुकलं बघायला. जोडणी ठीक आहे. लिहा, दोष दुरुस्तीत. माझंच काम कच्चं राहिलं.” अकरा वर्षं लोकांच्या ज्या संशयाशी ती भांडत आली होती तो तिनं स्वतःच्या तोंडानं खरा ठरवला, आणि म्हणताना तिला वाटलं, जमलं. “आणा इकडे, सही करते.”

मॅनेजरनं वही पुढे केली. त्याच्या चेहऱ्यावर ‘मालक म्हणत होते तेच खरं’ असं स्पष्ट दिसत होतं.

“थांब,” उस्ताद म्हणाले. त्यांनी मांडीवरचा मीटर उचलून तिच्यापुढे धरला. “लाव.”

“बाबा, कशाला उगाच...”

“लाव म्हणतो ना.”

तो आवाज तिनं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. ती परत आत शिरली, मशीनकडे जाणारी तार ओढून बाहेर आणली आणि तिच्या दोन टोकांना मीटरच्या दोन सुया टेकवल्या. काटा झपकन पलीकडे गेला आणि शून्याला चिकटून उभा राहिला.

“वाच,” उस्ताद म्हणाले.

मिरचीनं मीटर स्वतःकडे वळवला.

“मोठ्यानं वाच. यांनाही ऐकू दे.”

“सव्वातीन,” ती म्हणाली. मीटर नेहमी थोडं कमीच दाखवतो; चार ओहमची नीट जोडणी त्याच्यावर सव्वातीनच येते. आकडा अगदी बेमालूम होता.

उस्तादांनी मीटर तिच्या हातातून घेतला. डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग मांडीवर ठेवून दिला.

“मला काटा दिसत नाही,” ते म्हणाले. “वर्ष झालं. त्या दिवशीही दिसला नाही. इथंच, या चौथऱ्याखाली, मीटर लावून बसलो होतो, बराच वेळ. काटा हलला एवढं कळलं, कुठं थांबला ते कळलं नाही. तुला फोन करून बोलवायची लाज वाटली, म्हणून झाकण लावलं आणि घरी आलो.” ते मॅनेजरकडे वळले. “हे मी जोडलंय. लिहून घ्या.”

“उस्ताद, तुम्ही?” मॅनेजरची वही खाली आली.

“बाबा, राहू दे ना आता,” मिरची म्हणाली.

“सकाळी तू मला गाढव म्हणालीस, ते बरोबर होतं,” उस्ताद म्हणाले. “मोजल्याशिवाय झाकण लावणारा गाढवच. त्याचं मला काही वाटलं नाही. पण आत्ता तू जे केलंस त्याची मला शिसारी आली. मीटरचा आकडा खोटा सांगायचा? हे मी शिकवलं तुला? अगं, मला इथून पुढे तू सांगशील तोच आकडा. तूच मला खूश ठेवायला आकडे सांगायला लागलीस, तर मी कुणाच्या डोळ्यांनी बघायचं?”

मिरचीनं काळ्या हातांनीच डोळे पुसले आणि गालावर काळं ओढलं गेलं.

“परत वाच,” ते म्हणाले.

तिनं सुया टेकवल्या. “शून्याच्या थोडं पुढे. एकालाही पोचत नाही.”

“लिहा,” उस्ताद मॅनेजरला म्हणाले. “जोडणी चुकलेली. जोडणारा मी. दुरुस्ती दोन्ही वेळा चोख, करणारी ही. आणि पायरीचं काय ते मालकांना सांगा, मी परत चढणार नाही.”

मॅनेजरनं लिहिलं. उस्तादांनी खाली सही केली, ती ओळ सोडून तिरकी गेली.

मिरची चौथऱ्याखाली परत शिरली. पिवळे दोरे तिनं कापले नाहीत, नखानं एकेक करून सोडवले आणि खिशात ठेवले. पहिल्या खोक्याची काळी तार दुसऱ्याच्या लालला, तिसऱ्याची काळी चौथ्याच्या लालला, मग दोन्ही जोड्यांची मोकळी टोकं शेजारी शेजारी. पाल तिच्या हाताजवळच होती. तिनं ती नुसती बाजूला सारली.

ती बाहेर आली तेव्हा उस्ताद खुर्चीवरून उठून उभे होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते, एका मुठीत दुसरं मनगट. सकाळी ती जसं म्हणाली होती, तसं. ते चेष्टा करतायत की खरंच, हे तिला कळेना, आणि विचारायचा धीर झाला नाही. तिनं मीटर जमिनीवर ठेवला, सुया लावल्या आणि काटा थांबेपर्यंत थांबली.

“किती?” त्यांनी विचारलं.

“सव्वातीन.”

त्यांनी डोळे तिच्या चेहऱ्याजवळ आणले. चेहरा तरी त्यांना कितपत दिसत होता कोण जाणे.

“खरं?”

“खरं, बाबा.”

“मग झाकण लाव,” ते म्हणाले.